सोनाळ्यात आम्हाला वेगवेगळं विचारलं

शेगाव

"अडलं की 'हो' म्हणायचं," शेगाव जवळ आलं तसं गजाननने मला पुन्हा बजावलं. "डोकं चालवायचं नाही. तू स्वयंपाकघरात असशील, मी बाहेर असेन. एकमेकांना विचारायला मिळणार नाही. 'हो' म्हणून मोकळी हो."

कुणाला वाटेल, आम्ही पोलीस ठाण्यात जबाब द्यायला निघालो होतो. तसं नव्हतं. गजानन माझा होणारा नवरा, आणि आम्ही निघालो होतो त्याच्या आईवडिलांकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्याला. मी सांगलीची. माझ्या घरून होकार झाला होता, त्याच्या घरचा व्हायचा होता. तेवढ्यासाठी ही वारेमाप तयारी चालली होती.

तयारीला कारण होतं. गजाननची आई, म्हणजे सुमनकाकू, सोयरिकीच्या चौकशीसाठी आसपासच्या गावांत प्रसिद्ध आहेत. कुणाला मुलगी द्यायची असली की स्थळ पाहायला काकूंना सोबत नेतात. त्यांची रीत ठरलेली. मुलाची आई चुलीपाशी सापडली की तिला तिथं एक प्रश्न विचारायचा, बहीण गोठ्यात गेली की तिच्या मागे जाऊन तिला तोच, बाप अंगणात भेटला की त्यालाही तोच. तिघांना एका खोलीत कधी विचारायचं नाही. मग तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहायची. 'मुलगा घेतो का?' या प्रश्नाला आई 'नाही' म्हणाली आणि बहीण 'आता नाही' म्हणाली, की काकू चहा न घेताच उठतात. आमच्याकडे सांगलीत सगळे सोप्यात गोल करून बसतात, सगळ्यांदेखत विचारतात, आणि मुलाच्या वतीनं त्याचा मामाच उत्तरं देतो. त्यामुळे काही कळत नाही, पण कुणाचा अपमानही होत नाही.

आता आमची अडचण सांगते. ऑस्ट्रियातून मला दोन वर्षांच्या संशोधनाच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि येत्या सोमवारी काय ते कळवायचं होतं. गजाननला पुण्याच्या एका कॉलेजात नोकरी आहे, तो येऊ शकत नव्हता. भावकीतल्या एका मुलीबद्दल बोलताना काकू फोनवर त्याला म्हणाल्या होत्या की नवरा एका मुलखात आणि बायको दुसऱ्या, असं राहायचं असेल तर लग्न करताच कशाला? घोडं इथंच पेंड खात होतं. म्हणून आम्ही ठरवलं, या नोकरीचं नावच काढायचं नाही. विचारलंच तर दोघांनी 'पुण्यात राहणार' म्हणायचं. होकार पदरात पडू दे, पुढचं पुढे. मी स्वतः जाणार होते की नव्हते, ते मलाही माहीत नव्हतं. रोज सकाळी जायचं ठरायचं आणि संध्याकाळपर्यंत राहायचं ठरायचं.

गंमत म्हणजे आम्हा दोघांचं पोट ज्या विषयावर भरतं, तो विषय हाच. क्वांटम भौतिकीत एक खेळ आहे. दोन खेळाडू, दोन खोल्या. पंच दोघांना एकेक प्रश्न विचारतो, त्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. आधी काय हवं ते ठरवून या, पण एकदा दारं लागली की बोलणं बंद. पंचाचे नियम असे तिरपागडे असतात की कितीही हुशारीनं ठरवून आलात तरी चारांतला एक डाव हातचा जातोच. मात्र दोघांकडे एकमेकांत गुंतलेल्या कणांची जोडी असेल तर त्याहून जास्त डाव जिंकता येतात, आणि तरीही या खोलीतून त्या खोलीत एक अक्षर जात नाही. हे प्रयोग करून पाहिलेलं आहे, कुणाची भाकडकथा नाही.

माझं काम त्याच्या पुढचं आहे. निसर्ग एवढं जास्त देतो, तर सगळेच डाव का जिंकू देत नाही? मध्येच हात का आखडता घेतो? एक उत्तर माहितीच्या हिशेबातून मिळतं. दोघांची जुळणी त्याहून घट्ट असती, तर मी एका शब्दाचा निरोप धाडला असता आणि समोरच्यानं त्यावरून माझ्या मनातल्या शंभर शब्दांपैकी हवा तो काढून घेतला असता. निसर्गाला ते मंजूर नाही. निरोप जेवढा, तेवढंच कळणार. या एका वाक्यापाशी मी सहा वर्षं घुटमळते आहे आणि मला अजून कंटाळा आलेला नाही.

तर त्या खेळात, कण जवळ नसले तर, चांगल्यात चांगला डावपेच कोणता? काहीही विचारलं तरी दोघांनी ठरलेलं एकच उत्तर द्यायचं. हे आम्ही वर्गात शिकवतो. सोनाळ्याला जाताना दुसरं काही सुचलं नाही यात नवल नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

स्टेशनाबाहेर गर्दीत गजानन जरा पुढे गेला म्हणून मी मोठ्यानं हाक मारली, "गजानन!" एक रिक्षावाला, एक हवालदार, हारवाला आणि पेढे घेणारे दोन आजोबा वळले. माझा तेवढा वळला नाही. शेगावात ही हाक मारू नये, हा या प्रवासातला पहिला धडा. दर्शन घेतलं, मग कचोरी खाल्ली. पुण्यात त्याच नावानं जे मिळतं ते विसरा. ही लहान, चपटी, कुरकुरीत, आतलं सारण जिभेला चटका देणारं, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. मी तीन खाल्ल्या. गजानन म्हणाला, "घरी जेवायचंय." मी म्हटलं, "हो." सराव चालू होता.

सोनाळा

शेगावहून पुढे काळीपिवळी जीप. आठ जणांच्या जागेत किती बसले ते मी मोजलं नाही, माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईंची कोबीची पिशवी होती. थंडीचे दिवस. रस्त्यावर कापसानं फुगलेले ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागून उडालेल्या कापसानं बाभळींच्या काट्यांना पांढरी बोंडं आलेली. आमच्याकडे रस्त्याला लागून ऊस असला की पुढचं काही दिसत नाही. इथं नजर थेट सातपुड्यापर्यंत जाते, आणि डोंगर बराच वेळ तिथंच राहतो, जवळ येत नाही. काळ्या जमिनीत हरभरा घोट्याएवढा होता. मला तो मुलूख लगेच आवडला. हे मी काकूंना खूश करायला लिहीत नाही, त्या हे वाचणार आहेत हे खरं असलं तरी.

घर पक्कं, पुढं ओटा, मागं गोठा, अंगणात संत्र्यांचे क्रेट. काकू दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, डोळे असे की आपल्या चपलेचा तुटलेला बंदसुद्धा आठवावा.

"ये वो पोरी. पाय धू. काळीपिवळीत आले ना? अंग दुखून राह्यलं असन."

"हो," मी म्हटलं.

काका, म्हणजे गजाननचे वडील, उंच आणि हसरे. त्यांनी मला 'तुमी' म्हणायचं ठरवलं होतं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही. चहा झाला आणि काकूंनी मला भाकरीच्या निमित्तानं आत नेलं. गजानन ओट्यावर राहिला. दारं लागली म्हणायची!

काकू हरभऱ्याचा कोवळा पाला चिरत होत्या. कच्च्या पाल्यात कांदा, मिरची, तेल, मीठ घालून घोळाणा करतात, इतका साधा आणि इतका चवदार पदार्थ मी आजवर खाल्ला नव्हता याची मला लाज वाटली. पण तेव्हा चवीकडे लक्ष कुठलं!

"गजाले राग लवकर येते ना वो?"

"हो."

"शेतात करमीन तुले?"

"हो."

"चुलीवरचं येते?"

"हो."

"रोडगे भाजता येतात?"

रोडगे मी जन्मात पाहिले नव्हते. "हो."

"अन् लग्न झाल्यावर दोघं संगं राहासान ना? पुन्यातच?"

"हो," मी म्हटलं. ते म्हणताना मला मुळीच खोटं वाटलं नाही. 'दोघं संगं' या शब्दांच्या शेजारी 'पुणे' आलं, आणि मनात आमचं दोन खोल्यांचं घर आलं, खिडकीतली त्याची पुस्तकं आली. कोण नाही म्हणेल?

काकू पाल्याचं ताट माझ्या हाती देऊन स्वतः चहाचा दुसरा कप घेऊन ओट्यावर गेल्या. त्या तिथं बराच वेळ होत्या. मी चुलीतल्या धुरानं रडत बसले.

जेवणं झाल्यावर हात धुताना गजानन माझ्या कानाशी कुजबुजला, "सगळं तेच विचारलं. सगळ्याला हो म्हटलं."

"रोडगे?"

"रोडग्यालाही."

पैकीच्या पैकी! आम्ही दोघं परीक्षेत पहिले आल्यासारखे हसलो. आता हसू येत नाही.

शेत

दुसऱ्या दिवशी माझ्या मानासाठी शेतात रोडग्यांचा बेत केला होता. वऱ्हाडात पाहुण्याला खरं जेवण शेतात घालतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यावर तूप, सोबत वांग्याची तर्रीदार भाजी आणि वरण. आमच्याकडे हुरडा पार्टी असते, पण तिथं भाजणारा एक असतो आणि बाकीचे नुसते बोलतात. इथं सगळ्यांना काम.

"काल रोडगे येतात म्हनलीस ना," काकूंनी गोवऱ्यांची टोपली माझ्यापुढं सरकवली. "घे मंग."

मी गजाननकडे पाहिलं, त्यानं आंब्याच्या झाडाकडे पाहिलं. मी गोवऱ्या विटांसारख्या एकावर एक चापून रचल्या. वाऱ्याला वाटच नाही. धूर, धूर आणि धूर. काकांनी फुंकर मारून कसाबसा जाळ केला तर तो एका बाजूनं भडकला. निघालेले रोडगे काकांनी फोडून पाहिले आणि खदाखदा हसले.

"बाहेरून कोयसा, आतून कनिक! असे रोडगे तं माह्या बैलानंबी नाही खाल्ले."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी मुकाट्यानं गोवऱ्या उभ्या रचल्या, एकमेकींना टेकवून, मधे हवा राहील अशा. दुसरा घाणा लावला.

तो भाजेपर्यंत काकांनी मला विचारलं, "तुमी नेमकं काय शोधून राह्यल्या जी? गजा सांगते तं मले समजत नाही. त्याले सांगता येत नाही का मले समजत नाही, तेबी समजत नाही."

मी काटकीनं मातीत नऊ घरं काढली, तीन आडवी, तीन उभी. जवळ लवकर पेरलेल्या तुकड्यातले हरभऱ्याचे हिरवे घाटे होते. "काका, एका घरात एक घाटा ठेवायचा किंवा काहीच नाही. प्रत्येक आडव्या ओळीत घाटे दोनच्या पटीत आले पाहिजेत. म्हणजे दोन, नाहीतर एकही नाही. आणि उभ्या प्रत्येक ओळीत एक, नाहीतर तीन. भरा."

"एवढंच?" काका उकिडवे बसले. त्यांनी भरलं, एक उभी ओळ बिघडली. घाटा हलवला, आडवी बिघडली. टोपी काढून बाजूला ठेवली. घाटे हलवता हलवता दोन खाऊन टाकले. चिकाटी मात्र दांडगी. गजानन मधे बोलायला गेला तर त्याला म्हणाले, "चूप बे. मले पाहू दे." शेवटी मान वर केली. "हे तं भरतच नाही."

"नाहीच भरत. आडवे मोजले तर सगळे मिळून दोनच्या पटीत येतात, उभे मोजले तर येत नाहीत. घाटे तर तेच!"

"मंग आमाले काऊन बसवलं?"

"कारण कणांना कुठलीही एक ओळ विचारा, आडवी नाहीतर उभी, त्या ओळीचं उत्तर दर वेळी बरोबर येतं. घरं आधीपासून भरून ठेवली असती तर कुठंतरी ओळ चुकलीच असती. म्हणजे आधी भरलेलं काही नसतंच. एका घराचं उत्तर त्याच्यासोबत दुसरी कुठली घरं विचारली, त्याच्याशी जोडलेलं असतं."

काकांनी टोपी परत डोक्यावर घातली. "म्हंजे आमच्या गावच्या एका मोजणीवाल्यावानी. सोबत कोन उभं हाये ते पाहून हद्द सांगे तो."

"नाही काका. त्या मोजणीवाल्याला खरी हद्द माहीत असणार, तो लपवत असणार. इथं लपवायलाच काही नाही. विचारेपर्यंत हद्दच नाही."

"असं कसं जी? हद्द तं असतेच."

मला हे नेहमी ऐकावं लागतं आणि त्यात वावगं काही नाही. शेतकऱ्यानं विचारलं काय किंवा परिषदेतल्या म्हाताऱ्या प्राध्यापकानं विचारलं काय, माणसाच्या मनाला रिकामं घर पाहवत नाही. मी पुढं काही बोलणार तेवढ्यात काकूंनी हाक मारली, "चाल वो, वांगे कमी पडले. तोडून आनू."

वांगी पुरेशी होती, मी पाहिली होती. मी निमूट मागे गेले.

वांग्यांच्या सरीत वाकल्या वाकल्या काकू म्हणाल्या, "तुमी दोघं पाठ करून आले."

माझ्या हाताला काटा लागला.

"पस्तीस वर्सं झाले माह्या लग्नाले. माह्यं अन् गजाच्या बाबाचं एक उत्तर जुळत नाही. मी म्हनन थंडी पडली, तं हे म्हनतीन कुठं हाये थंडी. तुमचे सगळेच्या सगळे जुळले. अन् गोवऱ्या तं तुले रचता येत नाही. रोडग्याले हो म्हनली तू, गजाबी हो म्हनला. म्हंजे घरून ठरवून आले." त्या सरळ उभ्या राहिल्या. "कोर्टात लगन करून बसले ना? खरं सांग."

मला इतकं हसू आलं की वांगं हातातून पडलं. काय सुटका झाली म्हणता! उत्तरं फार जुळली की एवढंच कळतं, आधी काहीतरी ठरलेलं आहे. काय ठरलं आहे ते त्यातून कळत नाही. काकू पहिल्या पायरीपर्यंत बिनचूक आल्या होत्या आणि दुसऱ्या पायरीवर दाणकन आपटल्या होत्या.

"नाही हो काकू, शपथ! असलं काही नाही."

त्यांना माझं हसणं लागलं. "मंग हसून काऊन राह्यली? मी काय येडी हाये?"

"नाही, तसं नाही..."

"बरं." त्यांनी घमेलं कमरेवरून खाली ठेवलं. आवाज एकदम मऊ झाला, मनापासूनच झाला असावा. "गजा सांगे, तू रातदिवस त्या कामात राहते. इतकं शिकली, अजून काही करायचं राह्यलं का त्यातलं?"

"हो," मी म्हटलं. हा ठरवलेला 'हो' नव्हता. राहिलंय, सगळंच राहिलंय.

"ते होते का पुन्यात?"

काल संध्याकाळी हेच पुणे त्यांनी विचारलं होतं. तेव्हा ते 'दोघं संगं'च्या शेजारी होतं. आज ते माझ्या कामाच्या शेजारी बसलं, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आतून आलं, "नाही."

मी माझ्याच आवाजाकडे कान देऊन उभी होते. वर्षानुवर्षं मी शिकवत आले की उत्तर कुठंतरी आधीच ठेवलेलं असतं असं समजू नका. स्वतःच्या बाबतीत मात्र मला खुशाल वाटत होतं की ते आहेच, फक्त मला सापडत नाही. कालचा 'हो' खोटा नव्हता. आजचा 'नाही'सुद्धा खोटा नव्हता. पण आजच्यानंतर मागे फिरता येणार नव्हतं.

"मला ऑस्ट्रियातून बोलावणं आहे काकू. दोन वर्षांसाठी. मी जाणार आहे."

"गजाले माहीत हाये?"

"बोलावणं माहीत आहे. मी जाणार ते माहीत नाही. ते मलाच आत्ता कळलं."

"असं कसं वो होते?" काकू कडाडल्या. मग पुष्कळ वेळ वांगी तोडत राहिल्या, कोवळी कोणती, किडकी कोणती न पाहता. शेवटी म्हणाल्या, "मले आवडलं नाही. आताच सांगून ठेवते."

"मला माहीत होतं तुम्हाला आवडणार नाही. म्हणून तर पाठ करून आलो."

परत आलो तर काका आणि गजानन विहिरीकडून येत होते. पानं मांडली. काकूंच्या हातचे रोडगे तांबूस, खरपूस, फोडले की वाफ आणि आत पापुद्रे. काकांनी माझ्या पानात तुपाची धार धरली ती सोडेचनात.

"घ्या जी, घ्या. गजानं सांगितलं मले आता. बाहेरदेशातून बोलावलं होतं म्हने तुमाले, अन् तुमी नाही म्हनून टाकलं. घरासाठी! लय मोठं मन लागते याले." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

मी गजाननकडे पाहिलं. हे आमच्यात ठरलेलं नव्हतं. नोकरीचं नाव काढायचं नाही एवढंच ठरलं होतं. त्यानं कौतुकाच्या भरात नाव काढलं आणि 'पुण्यात राहणार' याच्याशी मेळ बसावा म्हणून माझा नकारही स्वतःच देऊन टाकला. तो माझ्याकडे अभिमानानं पाहत होता.

"मले तं म्हनली जाऊन राह्यली," काकू म्हणाल्या.

तुपाची धार थांबली. काकांनी लेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोघायतून खरं कोनाचं?"

"माझं," मी म्हटलं. "मी जाणार आहे काका."

हातातला रोडगा पानात ठेवून गजानन उठला आणि बांधाबांधानं चालत कपाशीच्या पलीकडे गेला. मी उठायला लागले तर काकूंनी माझा हात धरला.

"बस. त्याले जाऊ दे जराक." काकूंनी काकांच्या वरणात तूप ओतलं, माझ्या वरणात ओतलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मले आवडलं नाही ते नाही. पन काल तुमी दोघं बोलून राह्यले होते तं मले घरात कोनी आलंच नाही असं वाटे. आज तू आली. लगन जाच्या आधी का आल्यावर, ते तुमी ठरवा. ते मी नाही विचारनार."

मला रडू आलं, आणि या वेळी ते धुरानं नव्हतं.

वरवट

परतीच्या दिवशी गजाननने मला मोटारसायकलवरून शेगावला सोडायचं ठरवलं. तो पुढचे चार दिवस कापूस वेचणीसाठी राहणार होता. शेतातल्या त्या जेवणापासून तो माझ्याशी गरजेपुरतं बोलत होता. पाणी दे, बॅग दे, स्वेटर घाल. रागावलेल्या माणसानं स्वेटर घाल म्हटलं की जास्तच वाईट वाटतं. मी मागे बसून संत्र्यांच्या बागा पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं, हे लग्न मोडलं. काकूंनी नाही मोडलं, मीच मोडलं.

वरवटच्या जवळ मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला टायरांच्या ढिगाआड एक पंक्चरवाला सापडला. तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागला आणि आम्ही एका बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. कुणी विचारणारं नव्हतं, कुणाला सांगायचं नव्हतं.

"तुला आधी सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "पण मला खरंच तेव्हाच कळलं. तुझ्या आईनं ज्या दोन गोष्टी एकत्र विचारल्या ना..."

"मला समजतं," तो म्हणाला. "जगात ते समजणारी माणसं थोडी आहेत, त्यातला मी एक. कपाळ माझं! राग त्याचा नाही."

"मग कशाचा?"

"मी बाबांना सांगितलं ना, तू नाही म्हणालीस. ते सांगताना मला इतकं बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मला वाटलं, हे खोटं आहे हे मी विसरूनच जावं. त्याचा राग आहे."

मी आजवर त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. तो 'जा' म्हणेल ही मला खात्री होती, कारण तो शिकलेला, समंजस, आणि समंजस माणसानं काय म्हणायचं ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. त्या बाभळीखाली मला ती खात्री राहिली नाही, तरी मी विचारलं.

"मी जाऊ नये असं वाटतं तुला?"

"हाव," तो म्हणाला.

माझ्याशी तो कधी वऱ्हाडीत बोलत नाही. ती घरच्यांची भाषा, माझ्यासाठी पुण्याची.

"लय वाटते. नको जाऊ."

पंक्चरवाल्यानं पंप मारायला सुरुवात केली. मी त्याचा हात धरला, भर रस्त्यात, आणि समोरून जाणाऱ्या काळीपिवळीतली सगळी डोकी आमच्याकडे वळली.

"पण मी जाणार आहे गजानन."

"माहीत हाये." त्यानं हात सोडवून घेतला नाही. "लगन करून जाय मंग. दोन वर्सं वाटच पाहाची हाये, तं बायकोची पाहीन."